शर्टाचं बटण, कपड्यांचे चिमटे आणि पाण्याची बादली: घरातल्या वस्तूंमधून ऑक्युपेशनल थेरपी

शर्टाचं एक बटण लावायला शरीराला किती खटाटोप करावा लागतो, याचा आपण विचारच करत नाही. आधी कशाला न टेकता बसता किंवा उभं राहता यायला हवं. खांदे स्थिर हवेत, तरच हात छातीसमोर आणून तिथे ठेवता येतात. मग एका हाताने काजाची कड ताणून धरायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीत बटण उभं करून काजात सरकवायचं. ते अर्धं पलीकडे गेलं की हातांनी कामं बदलायची: कापड धरणारा हात आता बटण ओढतो आणि बटण ढकलणारा हात कापड धरतो. गळ्याजवळचं बटण असेल तर हे सगळं न बघता, बोटांना जाणवेल तेवढ्यावर करायचं. जोर कमी पडला तर बटण निसटतं, जास्त झाला तर सगळं कापडच हातात गोळा होतं.

सहा वर्षांच्या मुलाला बटण लावता येत नसेल तर घरातलं कुणीतरी म्हणतं, "लक्षच देत नाही," आणि दुसरं कुणीतरी म्हणतं, "येईल हळूहळू." कधीकधी खरंच हळूहळू येतं. पण कधी या साखळीतली एखादी कडी कच्ची असते. खांदा लवकर थकतो, किंवा बोटांच्या टोकांना नीट जाणवत नाही, किंवा दोन्ही हात एकाच वेळी वेगवेगळं काम करायला तयार नसतात. ती कच्ची कडी शोधायची आणि तेवढीच मजबूत करायची, इथून ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम सुरू होतं.

पालकांची गाडी मात्र बहुतेक वेळा दुसरीकडेच अडते. थेरपी म्हटलं की रंगीत झोपाळे, वजनाची जाकिटं, काटेरी चेंडू, खास पेन्सिली असं साहित्य डोळ्यांसमोर येतं आणि ते घेता येत नाही म्हणून मूल मागे पडणार, ही धास्ती मनात बसते. ती बाजूला ठेवा. गुण त्या वस्तूत नसतो. ती वस्तू शरीराकडून कोणतं काम करून घेते, यात तो असतो. ते काम ओळखता आलं की कपडे वाळत घालायचे चिमटे, रद्दी, उशा आणि बादली यांवर बराच पल्ला गाठता येतो.

ही थेरपी आली कुठून

मार्च १९१७ मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी या व्यवसायाची पहिली संस्था स्थापन झाली. जमलेल्या मोजक्या मंडळींमध्ये एक मनोविकारतज्ज्ञ होते, एक हस्तकला शिक्षिका होत्या, आणि ज्यांच्या घरी हे सगळे जमले ते जॉर्ज बार्टन वास्तुरचनाकार होते. आजारपण आणि डाव्या अंगाला आलेला लुळेपणा बार्टन यांनी स्वतः सोसला होता, आणि हाताने काम करत करतच ते पुन्हा उभे राहिले होते. त्याच सुमारास पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक परतत होते. त्यांच्यासाठी वापरलेलं साहित्य म्हणजे सूत, वेत आणि लाकूड. विणकाम करता करता बोटं सैल होत, रंधा मारता मारता खांद्यात ताकद येई. म्हणजे साधी, हाताशी असलेली वस्तू या शास्त्रात सुरुवातीपासूनच आहे. चकचकीत साहित्य नंतर आलं.

तेव्हापासून या थेरपीचा निकष एकच राहिला आहे: माणसाला त्याचं रोजचं काम करता यायला लागलं का? जेवणं, कपडे घालणं, अंघोळ, लिहिणं, खेळणं, कामावर परतणं. "स्नायूंची ताकद वाढली" हे उत्तर अर्धंच आहे. ताकद वाढून डबा उघडता आला का, हे विचारायला हवं.

पाच इंद्रियांच्या पलीकडे

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकतो. हालचालींच्या बाबतीत आणखी दोन संवेदना महत्त्वाच्या आहेत आणि त्या माहीत नसल्या तर पुढचे उपक्रम नुसते खेळ वाटतील.

पहिली तोलाची. प्रत्येक कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की तो द्रव हलतो आणि मेंदूला वळण्याची बातमी जाते. शेजारीच दोन छोटे अवयव असतात. सरळ रेषेतला वेग आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा ते सांगतात. पायरी उतरताना, वळून मागे बघताना, फळ्यावरून वहीकडे नजर आणताना ही यंत्रणा काम करत असते.

दुसरी संवेदना स्नायू आणि सांध्यांमधून येते. स्नायू किती ताणला गेलाय हे स्नायूच्या आतले संवेदक कळवतात, त्यावर किती जोर पडतोय हे स्नायूबंधातले संवेदक कळवतात. डोळे मिटूनही आपला कोपर वाकलेला आहे की सरळ, हे आपल्याला कळतं ते यामुळेच. ही जाणीव धूसर असली की मूल पेन्सिल इतकी दाबतं की कागद फाटतो, किंवा इतकी हलकी धरतं की अक्षर दिसत नाही. पेला आपटून ठेवतं, मित्राला मिठी मारताना पाडतं. बाहेरून हा दांडगटपणा दिसतो. आत मात्र, आपण किती जोर लावतोय याची बातमीच पुरेशी पोचत नसते.

या सगळ्या संवेदना मेंदू एकत्र कशा गुंफतो याचा सिद्धांत ए. जीन एअर्स (१९२०–१९८८) या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० आणि ७० च्या दशकांत मांडला. 'सेन्सरी इंटिग्रेशन' हे नाव तिथूनच प्रचारात आलं. काही मुलं स्पर्श, आवाज, हालचाल यांना फार तीव्र प्रतिसाद देतात, काही फार मंद देतात, हे निरीक्षण आज सर्वमान्य आहे. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने २०१३ मध्ये ऑटिझमच्या निकषांमध्येही त्याचा समावेश केला.

उपचारांबद्दलचं चित्र मात्र इतकं स्वच्छ नाही आणि पालकांना ते मोकळेपणाने सांगायला हवं. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सने २०१२ मध्ये बालरोगतज्ज्ञांना दोन गोष्टी सांगितल्या: 'संवेदनांच्या प्रक्रियेतला विकार' हे स्वतंत्र निदान म्हणून सहसा वापरू नका, आणि संवेदनांवर आधारलेल्या थेरपीचा उपयोग एकूण योजनेचा भाग म्हणून करायला हरकत नाही, पण तिच्या परिणामांवरचं संशोधन मर्यादित आहे हे पालकांना सांगा. सेरेब्रल पाल्सीच्या (वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होतो, त्या अवस्थेच्या) उपचारांचा एक मोठा आढावा ऑस्ट्रेलियातल्या संशोधक आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सेन्सरी इंटिग्रेशन 'उपयोग नाही' या लाल गटात गेलं, तर ठरावीक उद्दिष्ट धरून केलेला सराव आणि घरी करायचे कार्यक्रम हिरव्या गटात आले.

यातून मी काढलेला अर्थ असा: धान्यात हात घालून बसल्याने अक्षर सुधारेल, अशी आशा धरू नका. धान्यात हात घालणं हा स्पर्शाला सरावण्याचा, रमण्याचा, बोटं जागी करण्याचा चांगला मार्ग आहे. पण अक्षर लिहूनच सुधारतं आणि बटण बटण लावूनच येतं. संवेदनांचे उपक्रम त्या कामाची तयारी करून देतात. ती तयारी झाली की लगेच खऱ्या कामाकडे वळायचं.

ओढा, ढकला, उचला

एकच गट निवडायचा झाला तर मी स्नायू-सांध्यांना काम देणाऱ्या अंगमेहनतीच्या कामांपासून सुरुवात करीन. त्यांना साहित्य जवळजवळ लागत नाही, धोका कमी, आणि बहुतेक मुलांना ती मानवतात. चळवळ्या मुलाला ती स्थिरावायला मदत करतात आणि सुस्तावलेल्याला जागं करतात, असा थेरपिस्ट मंडळींचा अनुभव आहे.

धुवायच्या कपड्यांची टोपली जमिनीवरून ढकलत दुसऱ्या खोलीत न्यायची. अर्धी भरलेली बादली उचलून झाडांपर्यंत आणायची. पुस्तकांचा गठ्ठा एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात रचायचा. ओला टॉवेल दोन्ही हातांनी पिळायचा. भिंतीला तळवे टेकवून, जणू भिंत मागे सरकवायची आहे, असा दहा आकडे होईपर्यंत जोर लावायचा. अस्वलासारखं चार पायांवर, खेकड्यासारखं पोट वर करून उलटं, बेडकासारख्या उड्या मारत खोलीच्या टोकापर्यंत जायचं. जाड चादरीवर भावंडाला बसवून ओढत न्यायचं. ओढणाऱ्याला मेहनत आणि बसलेल्याला तोल सांभाळायचा सराव, एकाच चादरीत दोन उपक्रम.

ही कामं खरी असावीत, एवढा माझा आग्रह आहे. बादली नेल्यावर झाडांना पाणी मिळालं, हे मुलाला दिसतं. 'व्यायाम कर' म्हटल्यावर पळणारं मूल 'मला मदत कर' म्हटल्यावर थांबतं. वेळही साधता येते: अभ्यासाला किंवा जेवायला बसण्याच्या थोडं आधी ही कामं ठेवली तर बसणं सोपं जातं का, हे आठवडाभर बघा. फरक पडत नसेल तर वेळ बदलून बघा.

तोल आणि झोका

जमिनीवर चिकटपट्टीची रेघ काढली की चालायचा ओंडका तयार. आधी रेघेवरून साधं चालणं, मग टाचेला पंजा लावत, मग हातात चमचा आणि त्यात चेंडू, मग उलटं. उशा आणि गाद्या टाकून ओबडधोबड वाट केली तर घोट्यांना आणि पोटाच्या स्नायूंना सतत सावरून घ्यावं लागतं.

झोक्यासाठी छताला काहीही टांगायची गरज नाही, आणि भार किती पेलेल याची जाणकाराकडून खात्री केल्याशिवाय टांगूही नये. जाड चादरीची दोन टोकं दोन मोठ्या माणसांनी घट्ट धरायची, खाली गादी, मध्ये मूल, आणि सावकाश, एका लयीत हलवायचं. संथ, सरळ रेषेतला, लयबद्ध झोका बहुधा शांत करतो. वेगवान, अनियमित आणि विशेषतः गोल गोल फिरणं चेतवतं, आणि त्याचा त्रास फिरणं थांबल्यानंतरही वर येऊ शकतो. म्हणून मुलाला आपण गरगर फिरवू नये. फिरायचंच असेल तर त्याला स्वतःहून, स्वतःच्या वेगाने फिरू द्यावं. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, मळमळलं की तिथेच थांबायचं. फिट येणाऱ्या मुलांच्या बाबतीत, किंवा मानेच्या मणक्याचा त्रास असेल तर (डाऊन सिंड्रोममध्ये हा धोका लक्षात ठेवावा लागतो) झोके, कोलांट्या, उड्या यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारायचं.

स्पर्श: जबरदस्ती अजिबात नको

हाताला चिकट काही लागलं की किंचाळणारं मूल नाटक करत नसतं. त्याला तो स्पर्श खरोखर असह्य वाटत असतो. त्याचा हात धरून गोळ्यात दाबणं हा सगळ्यात वाईट उपाय. त्याने स्पर्शाची भीती वाढते आणि आपल्यावरचा विश्वास जातो.

इथे पायऱ्या लावायच्या. कोरड्यापासून सुरुवात: टपातलं कोरडं धान्य किंवा स्वच्छ वाळू. त्यात आधी चमच्याने, पेल्याने खेळ. मग बोटांची टोकं, मग तळवा, मग मनगटापर्यंत हात. कोरडं पचलं की ओलसर वाळू, मग मळलेलं पीठ, आणि सगळ्यात शेवटी खळ किंवा रंग अशा चिकट गोष्टी. शेजारी ओला नॅपकिन ठेवायचा आणि हात कधीही पुसायची मुभा द्यायची. गंमत अशी की ही मुभा मिळाली की मुलं जास्त वेळ टिकतात. चिकट गोष्ट प्लास्टिकच्या बंद पिशवीत भरून, वरून दाबून खेळायला दिली तर हात न माखता सुरुवात करता येते. हलक्या, गुदगुल्या होतील अशा स्पर्शापेक्षा घट्ट, खोल दाब बहुतेकांना सोसवतो. म्हणून आधी तळव्यांना दाबून चोळणं, टाळ्या, भिंत ढकलणं, आणि मग टप.

याच्या उलट काही मुलांना स्पर्श पुरेसा जाणवतच नाही. त्यांच्यासाठी कापडी पिशवीचा खेळ उत्तम. पिशवीत किल्ली, नाणं, चमचा, बटण, खोडरबर टाकायचं आणि न बघता, फक्त चाचपून, 'किल्ली काढ' म्हणायचं. सुरुवातीला आकाराने अगदी वेगळ्या वस्तू, पुढे नाणं आणि बटण अशा फसवणाऱ्या जोड्या. गळ्याजवळचं बटण न बघता लावायला जी बोटांची नजर लागते, ती इथे तयार होते.

हात: खांद्यापासून बोटांपर्यंत

अक्षर वाईट आहे म्हणून बोटांचेच व्यायाम द्यायचे, ही चूक फार सरसकट होते. बोटांना बारीक काम करायला मागे स्थिर मनगट लागतं, मनगटाला स्थिर कोपर-खांदा आणि खांद्याला स्थिर धड. म्हणून पहिला उपाय टेबलावर नाही, भिंतीवर आहे. डोळ्यांच्या उंचीला कागद चिकटवा आणि त्यावर चित्र काढू द्या. उभ्या पृष्ठभागावर मनगट आपोआप मागे वळतं, लिहिताना हवं तसं. खांदाही सतत काम करत राहतो. ओल्या फडक्याने फरशी किंवा दरवाजा पुसणं, पाण्यात बुडवलेल्या रुंद ब्रशने भिंत 'रंगवणं' हेही त्याच जातीचं काम.

मग तळवा. वर्तमानपत्राचं पान एकाच हाताने, दुसऱ्या हाताची किंवा पोटाची मदत न घेता, चुरगळून चेंडू करायचा. मोठ्या माणसांनीही करून बघावं. तळव्यातले लहान स्नायू पानाच्या निम्म्यातच बोलायला लागतात. झालेले चेंडू टोपलीत फेकायचे, म्हणजे नजर आणि हाताचा मेळही बसतो. पीठ मळणं, त्याच्या वळकट्या करणं, बोटांच्या टोकांनी बारीक गोळ्या वळणं हे सगळं याच रांगेतलं. दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ आणि लागेल तसं पाणी घेतलं की खेळायचा गोळा तयार होतो. मात्र त्यात मीठ इतकं असतं की सगळं तोंडात घालणाऱ्या लहान मुलांच्या हाती तो देऊ नये.

कपड्यांचे चिमटे पुठ्ठ्याच्या कडेला लावणं हा बहुतेकांना माहीत असलेला उपक्रम, पण तो कसा केला जातोय यावर सगळं अवलंबून आहे. मूल अंगठा तर्जनीच्या बाजूला दाबून, किल्ली धरल्यासारखा चिमटा उघडत असेल तर हवा तो सराव होत नाही. अंगठ्याचं टोक आणि तर्जनीचं टोक समोरासमोर हवं, मध्ये गोल खिडकी दिसायला हवी. उरलेली बोटं फाकत असतील तर करंगळी आणि अनामिका यांच्याखाली कापसाचा बोळा धरायला द्या. तळव्याची ती बाजू स्थिर झाली की अंगठ्याच्या बाजूची बोटं मोकळी होतात. चिमटा फार कडक असेल तर सैल झालेला जुना चिमटा शोधा. इथे ताकदीपेक्षा पकड महत्त्वाची.

आता माझा सगळ्यात आवडता उपक्रम: झाकणाला चीर पाडलेला डबा आणि काही नाणी. एक-एक नाणं उचलून चिरेत टाकणं ही पहिली पायरी. खरी मजा पुढे आहे. पाच नाणी एकाच हाताने, एक-एक करून उचलायची आणि त्याच मुठीत साठवायची: प्रत्येक नाणं बोटांच्या टोकांवरून तळव्यात सरकवावं लागतं. मग ती तळव्यातून एक-एक करून परत बोटांच्या टोकांवर आणून चिरेत टाकायची. टाकताना नाणं आडवं आलं तर चिमटीतच फिरवून उभं करायचं. वस्तू हातातल्या हातात फिरवण्याच्या, सरकवण्याच्या या हालचाली पेन्सिल उलटी करून खोडरबर वापरताना, गुच्छातून नेमकी किल्ली पुढे आणताना, बटण काजात वळवताना लागतात. नीट बघितलं तर कच्चं मूल कुठे अडतं ते लगेच कळतं. ते नाणं छातीला टेकवतं, टेबलावर ठेवून पुन्हा उचलतं किंवा दुसरा हात मदतीला आणतं. तेव्हा नाण्यांची संख्या कमी करा, दोनावर या. नाण्यांऐवजी मोठी बटणं घ्या. इथे घाई करण्यात काही अर्थ नाही.

पेन्सिलची पकड सुधारायला खास पेन्सिल घेण्याआधी मेणखडूचे तुकडे करा. बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत आपोआप येतो. वयाचाही हिशेब ठेवायला हवा. उभी रेघ दोन वर्षांच्या आसपास, गोल तीनच्या आसपास, अधिकचं चिन्ह चारच्या आसपास आणि त्रिकोण पाचच्या आसपास बघून काढता येतो. ज्या मुलाला अजून तिरकी रेघ जमत नाही, त्याच्याकडून अक्षरं गिरवून घेणं त्याच्यावर अन्याय आहे.

दोन्ही हातांच्या कामांबद्दल थोडक्यात: कागद फाडणं, पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यातून दोरी ओवणं, झाकणं फिरवून उघडणं, कात्रीने कापणं. कात्रीला जाडसर कागद सोपा जातो, पातळ कागद मुडपतो. आधी नुसतं एक-एक 'कच', मग सरळ रेघ, मग वळण. कात्रीचा हात सगळ्यांना दिसतो, पण कागद फिरवणाऱ्या दुसऱ्या हाताकडे बघा. बहुधा अडचण तिथेच असते.

नेमकं किती अवघड, किती वेळ

एअर्स बाईंनी एक कल्पना दिली ती आजही सगळे वापरतात: आव्हान बरोब्बर हवं. इतकं सोपं नको की कंटाळा येईल, इतकं अवघड नको की मूल हात टेकेल. घरी ओळखायची खूण सोपी आहे. दहातून सात-आठ वेळा जमतंय आणि तरीही लक्ष द्यावं लागतंय, तर पातळी बरोबर आहे. दहाच्या दहा जमायला लागलं की एक गोष्ट बदला, फक्त एक: वस्तू लहान करा, किंवा अंतर वाढवा, किंवा बसून होतं ते उभं राहून करा, किंवा डोळे मिटा. सगळं एकदम बदललं तर कशामुळे अडलं ते कळत नाही.

वेळेबद्दल एक दिलासा देणारा अभ्यास आहे. नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या घरच्या कार्यक्रमांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. मुलांना काय जमायला हवं हे कुटुंबासोबत ठरवलं होतं, थेरपिस्टचं मार्गदर्शन होतं. आठ आठवड्यांत मुलांच्या रोजच्या कामांत सुधारणा दिसली. पालकांनी प्रत्यक्षात सराव घेतला तो महिन्यातून साधारण सतरा-अठरा वेळा आणि एका वेळी सरासरी सोळा-सतरा मिनिटं. रोज दोन तास नाही, अगदी रोजही नाही. नोकरी, घर, दुसरं मूल हे सगळं सांभाळून इतका वेळ काढता येतो.

आणि खरं काम शिकवताना ते शेवटाकडून शिकवा. बटण आपण तीन-चतुर्थांश काजातून पुढे काढून ठेवायचं, मुलाने फक्त ओढून घ्यायचं. ते पक्कं झालं की अर्ध्यावर सोडायचं. मग नुसतं काजाच्या तोंडाशी. प्रत्येक वेळी 'मी लावलं' हे समाधान मुलाच्या पदरात पडतं. सुरुवात जुन्या जाड शर्टाच्या मोठ्या बटणांवर, शर्ट टेबलावर पसरून करा. अंगात घातलेल्या शर्टावर नंतर या.

मोठ्यांसाठीही

हे सगळं लहान मुलांपुरतं नाही. पक्षाघातानंतर हात परत मिळवायलाही रोजच्या कामांचा भरपूर सराव हाच गाभा असतो: टॉवेलच्या घड्या, चमचे वेगळे करून लावणं, बाटलीचं झाकण, टेबल पुसताना दुबळा हात फडक्यावर ठेवून पुढे-मागे सरकवणं. काही रुग्णांचा चांगला हात मुद्दाम बांधून ठेवून दुबळ्याकडून काम करवून घेण्याची पद्धतही आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत, दोन आठवड्यांच्या अशा उपचाराने हाताच्या वापरात सुधारणा दिसली. पण हातात थोडी तरी हालचाल शिल्लक असलेल्या रुग्णांसाठीच ती आहे, आणि घरी मनाने करण्याजोगी नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला भेटायला येणारे रबरी चेंडू आणतात आणि 'दाबत राहा' म्हणतात. हात नुसता अशक्त असेल तर ठीक. पण बोटं आधीच आकडलेली असतील, मूठ आपोआप वळत असेल, तर त्या हाताला मूठ उघडण्याचा सराव हवा असतो. चेंडू दाबण्याआधी थेरपिस्टला विचारा.

सुरक्षितता

तीन वर्षांच्या आतल्या किंवा वस्तू तोंडात घालणाऱ्या कोणत्याही वयाच्या मुलाजवळ नाणी, बटणं, मणी, कोरडं धान्य देताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, आणि ते शक्य नसेल तर तो उपक्रमच नको. अमेरिकेत खेळण्यांच्या तपासणीसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. त्यात पूर्ण मावणारा भाग तीन वर्षांखालच्या मुलांसाठी धोकादायक धरला जातो. बटणाच्या आकाराच्या बॅटऱ्या आणि छोटे शक्तिशाली लोहचुंबक घरच्या उपक्रमात कधीच वापरू नका. पाण्यात फुगणारे रंगीत मणी 'सेन्सरी खेळ' म्हणून दिले जातात, तेही नकोत. गिळल्यावर ते पोटात फुगतात आणि आतडं अडतं. बादलीत किंवा टपात पाणी असेल तर लहान मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही.

वजनाच्या पांघरुणांबद्दल पालक हमखास विचारतात. तान्ह्या मुलांसाठी ती अजिबात वापरायची नाहीत. पांघरूण स्वतःच्या हाताने दूर सारता न येणाऱ्या मुलालाही नाही. शिवाय ऑटिझम असलेल्या मुलांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा पांघरुणाने मुलं जास्त वेळ झोपली नाहीत, जरी मुलांना आणि पालकांना ते साध्या पांघरुणापेक्षा आवडलं. घरी वजन शिवून बनवायच्या भरीला पडू नका. घट्ट मिठी, किंवा उशांच्या मध्ये हलकेच दाबून 'सँडविच' करणं (तोंड मोकळं, आणि 'बास' म्हटलं की थांबायचं) यातून तोच खोल दाब मिळतो.

थेरपिस्टकडे कधी जायचं

मूल आधी येत असलेली गोष्ट विसरायला लागलं असेल, एक वर्षाच्या आतच फक्त एकच हात वापरत असेल, वारंवार पडत असेल, किंवा खाणं, कपडे, झोप यांपैकी कशावरून तरी घरात रोज रडारड होत असेल, तर घरच्या उपक्रमांवर थांबू नका. पहिल्या दोन बाबतींत आधी बालरोगतज्ज्ञ, आणि तेही लवकर.

जाताना सगळ्यात उपयोगी पडतो तो मोबाइलवर घेतलेला एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ: मूल बटण लावताना, जेवताना, लिहिताना, नेहमीसारखं, कुणी न सुधारता. दवाखान्यात मूल वेगळंच वागतं, त्यामुळे घरचं दृश्य थेरपिस्टला फार सांगून जातं. सोबत एकच वाक्य ठरवून न्या: येत्या दोन महिन्यांत आम्हाला अमुक एक काम जमायला हवंय. 'त्याचं फाईन मोटर (बोटांची बारीक कामं) सुधारा' यापेक्षा 'शाळेत त्याला स्वतःचा डबा उघडता यावा' हे शतपटीने चांगलं उद्दिष्ट आहे. आणि घरी कोणत्या वस्तू आहेत तेही सांगा. चिमटे, उशा, बादली, पायऱ्या, अंगण, जे असेल ते. त्यातूनच आमचा कार्यक्रम बसवून द्या, असं स्पष्ट म्हणा.